"ग्रेव्ही?" आणि "ग्रेव्ही." : इंग्रजी बोलताना आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो

१९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या एका मोठ्या एअरपोर्टच्या स्टाफ कँटीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने कामाला लागल्या आणि तक्रारी सुरू झाल्या, की या बायका उद्धट आहेत, तुसडेपणाने बोलतात. आता काउंटरवर त्यांना बोलायचं तरी किती असायचं? जेवण घेणाऱ्याला ग्रेव्ही हवी का विचारायचं, म्हणजे एकच शब्द! जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञाने तिथलं बोलणं रेकॉर्ड करून तपासलं तेव्हा कळलं की इंग्रज बायका "ग्रेव्ही?" म्हणताना आवाज वर न्यायच्या आणि आपल्याकडच्या बायका "ग्रेव्ही." असा खाली आणायच्या. इंग्रज कानाला पहिलं "वाढू का?" असं ऐकू यायचं आणि दुसरं "ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या". रेकॉर्डिंग ऐकवल्यावर त्या बायकांना सुरुवातीला फरकच जाणवेना, कारण त्यांच्या मते त्या नीटच विचारत होत्या, आणि लोक आपल्याशी असे का वागतात हे त्यांनाही कळत नव्हतं.

मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं. ग्रामर चुकलं तर समोरच्याला कळतं की याला भाषा नवीन आहे, पण सूर चुकला तर त्याला वाटतं हा माणूसच असा आहे, आणि मग कोणी दुरुस्त करायलाही येत नाही. तरीही आपल्याकडे शाळेत स्पेलिंग आणि टेन्सवर वर्षानुवर्षं मेहनत घेतात, सुरावर एक तासही नाही.

सूर म्हणजे शरीरात काय होतं? गळ्यातले स्वरतंतू थरथरतात, पुरुषांचे सेकंदाला साधारण १२० वेळा, बायकांचे २०० च्या आसपास. स्वरयंत्राच्या पुढच्या बाजूचा एक छोटा स्नायू आवळला की तंतू ताणले जातात, जास्त वेगाने थरथरतात आणि आवाज चढतो. वाक्य संपत येतं तसा फुफ्फुसातल्या हवेचा दाब कमी होतो आणि सूर आपसूक उतरायला लागतो, म्हणून साधं विधान खाली येऊन संपणं बहुतेक भाषांत सापडतं. चढवायला मात्र स्नायूला काम करावं लागतं.

ही सवय किती आधी लागते बघा. २००९ मध्ये जर्मन संशोधकांनी तीन ते पाच दिवसांच्या बाळांचं रडणं रेकॉर्ड केलं, तर फ्रेंच बाळांचं रडणं चढत जाणारं निघालं आणि जर्मन बाळांचं उतरत जाणारं, आपापल्या भाषेसारखंच! म्हणजे भाषेची चाल पोटात असल्यापासूनच कानावर पडत असते, मग मोठेपणी ती आपल्याला ऐकूच येत नाही यात नवल नाही.

मराठीत आपल्या मदतीला का, ना, च आहेत. "येतोस का", "येतोस ना", "मला लालच पाहिजे", काम झालं. इंग्रजीत यातलं बरंचसं काम सुरावर येतं. "आर यू कमिंग?" वर जातं, पण "व्हेअर आर यू गोइंग?" सहसा खाली येतं, आणि प्रश्न म्हटला की आवाज वर असं धरून चालणारे नेमके इथे फसतात. "यू आर कमिंग, आरंट यू" मध्ये शेवट चढवला तर खरंच विचारताय, उतरवला तर फक्त होकार हवाय. "टी ऑर कॉफी" मध्ये टी चढवून कॉफी उतरवली तर दोनातलं एक निवडा, दोन्ही चढवले तर काही गरम घेणार का एवढंच. आणि "सॉरी" उतरला की माफी, चढला की "काय म्हणालात?".

सराव करताना आधी शब्द काढून टाका. एखादं छोटं वाक्य ऐका आणि तोंड मिटून फक्त त्याची चाल गुणगुणा, कारण शब्द असले की लक्ष उच्चाराकडे जातं. चाल जमली की मग शब्द घाला, फोनवर रेकॉर्ड करा आणि मूळ वाक्य आणि आपलं वाक्य लागोपाठ ऐका. कान साथ देत नसेल तर डोळ्यांनी बघता येतं, ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं प्राट नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात आवाजाची रेघ चढताना उतरताना स्पष्ट दिसते. बघताना एक लक्षात ठेवा, चढ किंवा उतार शेवटच्या महत्त्वाच्या शब्दावर सुरू होतो, "आय वॉन्ट द रेड वन" मध्ये तो रेडवर आहे, वनवर नाही.

आणि नमुना म्हणून ज्यांच्याशी रोज बोलायचंय त्यांचंच बोलणं घ्या, कारण उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमध्ये साधी विधानंसुद्धा शेवटी वर जातात आणि ऑस्ट्रेलियातही बरेच लोक गोष्ट सांगताना तसंच बोलतात, तिथे वरचे काही नियम तसेच्या तसे चालणार नाहीत.