जुन्या परफॉर्मन्स इंजिनांसाठी आफ्टरमार्केट क्रँकशाफ्ट

जुन्या परफॉर्मन्स गाडीच्या इंजिनातून कंपनीचा मूळ क्रँकशाफ्ट (पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरण्यात बदलणारा दांडा) काढायचा आणि त्याजागी दुसऱ्या कुणी बनवलेला, जास्त मार सोसणारा क्रँक बसवायचा, असा हा प्रकार. साधारण १९५० ते १९७० च्या दशकातली इंजिनं यात जास्त येतात, म्हणजे शेवरलेचं स्मॉल ब्लॉक व्ही८, फोर्डचं २८९ आणि ३०२, मिनीचं ए-सिरीज, एमजीबीचं बी-सिरीज, डॅटसनच्या झेड गाड्यांमधलं एल-सिरीज, एअर-कूल्ड फोक्सवॅगन वगैरे. कारण बहुतेक वेळा यापैकी एक असतं: मूळ क्रँक ग्राइंड करून करून संपलाय किंवा त्याला तडा गेलाय, इंजिनची ताकद आणि आरपीएम वाढवलेत, किंवा स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) वाढवून सीसी वाढवायचाय. आणि खरेदी करताना बहुतेक लोक फक्त स्टीलचं नाव विचारतात, ४३४० (एक मजबूत अलॉय स्टील) आहे ना मग झालं. इथेच घोळ होतो, कारण क्रँकची मजबुती जेवढी स्टीलच्या नावात असते तेवढीच जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत गोल भागाच्या) कोपऱ्यातल्या गोलाईत, वरच्या ट्रीटमेंटमध्ये आणि पुढे लावलेल्या, थरथर मारणाऱ्या डॅम्परमध्ये असते.

तुटतो कुठून

क्रँक एका फटक्यात क्वचितच तुटतो. दर फेरीला तो थोडा वाकतो, थोडा पिळला जातो, परत सरळ होतो, आणि हे लाखो वेळा झालं की कुठेतरी केसासारखा तडा सुरू होतो. ही जागा जवळजवळ ठरलेली असते: जर्नल जिथे वेबला (दोन जर्नलना जोडणाऱ्या जाड पट्टीला) मिळतं तो कोपरा, नाहीतर ऑइल होलची कड. पिस्टन आणि रॉडचं जे ओढणं-ढकलणं असतं ते आरपीएमच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे ६००० वरून ७००० ला गेलात तर आरपीएम वाढला १७ टक्क्यांच्या आसपास पण हा भार वाढतो ३६ टक्के. रेडलाइन जरा वर नेली म्हणून काय झालं असं म्हणणाऱ्याने हा हिशोब एकदा मांडून बघावा.

दुसरी गोष्ट ओव्हरलॅप. क्रँककडे पुढून बघितलं तर मेन जर्नल (ब्लॉकमध्ये बसणारं) आणि रॉड जर्नल (ज्यावर कनेक्टिंग रॉड बसतो ते) ही दोन वर्तुळं एकमेकांवर किती चढतात ते म्हणजे ओव्हरलॅप, आणि हिशोब सोपाय: दोन्ही जर्नलच्या त्रिज्या मिळवायच्या आणि त्यातून अर्धा स्ट्रोक वजा करायचा. शेवरले ३५० चं मेन २.४५ इंच, रॉड २.१० इंच, स्ट्रोक ३.४८ इंच, म्हणजे १.२२५ अधिक १.०५ वजा १.७४, उत्तर ०.५३५ इंच. आता त्याच ब्लॉकमध्ये ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक टाकला की उरतं फक्त ०.४०० इंच. म्हणजे स्ट्रोक वाढवताना आपण क्रँकच्या कमरेतूनच धातू काढून टाकतो, आणि म्हणून स्ट्रोकर इंजिनला जास्त चांगलं मटेरियल लागतं, उगाच फॅशन म्हणून नाही.

तिसरं पिळणं, टॉर्शनल व्हायब्रेशन. क्रँक जितका लांब आणि बारीक तितका हा त्रास जास्त, त्यामुळे इनलाइन सहा सिलिंडरवाले यात पुढे. ट्रायम्फच्या २.५ लिटर सिक्सला ९५ मिमी स्ट्रोक आणि मेन बेअरिंग फक्त चार, उलट जॅग्वार एक्सकेच्या मोठ्या इंजिनांना १०६ मिमी स्ट्रोक असूनही मेन बेअरिंग सात, त्यामुळे दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही. एका ठराविक आरपीएमला क्रँक स्वतःच्या तालात थरथरायला लागतो आणि ती थरथर मारायचं काम पुढच्या डॅम्परचं. जुन्या डॅम्परमधलं रबर कडक होतं, त्याची बाहेरची रिंग सरकते, टायमिंगची खूण भलतीकडे जाते, आणि तरी लोक महागडा नवीन क्रँक घेऊन त्याच्यापुढे तोच पन्नास वर्षांचा डॅम्पर ठोकतात. डॅम्परसाठी बजेट नसेल तर क्रँकची ऑर्डर थांबवलेली बरी, असं माझं स्पष्ट मत.

मटेरियल

खालून वर जायचं तर आधी बिडाचा ओतीव क्रँक, मग एसजी आयर्न म्हणजे नोड्युलर, मग कास्ट स्टील, मग फोर्ज्ड साधं कार्बन स्टील, मग ५१४०, ४१३० आणि ४३४० सारखी अलॉय स्टील. ब्रिटिश इंजिनांच्या जगात ईएन२४ आणि ईएन४०बी ही नावं ऐकू येतात, त्यातलं ईएन२४ म्हणजे साधारण ४३४० चाच भाऊ. ताकदीचे आकडे उत्पादकाप्रमाणे हलतात, पण ढोबळमानाने नोड्युलर ९५,००० पाउंड प्रति चौरस इंचाच्या आसपास आणि ४३४० हे १,४०,००० च्या पुढे धरतात. नोड्युलरला नाकं मुरडायची काही गरज नाहीये, रस्त्यावर चालणाऱ्या आणि ६००० च्या आत राहणाऱ्या नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड (टर्बो वगैरे नसलेल्या) इंजिनला चांगल्या अवस्थेतला कंपनीचा नोड्युलर क्रँक आरामात पुरतो.

हातातला क्रँक कास्ट की फोर्ज्ड हे ओळखायला वेबच्या कडेवरची रेघ बघतात. साच्याच्या जोडाची रेघ बारीक आणि धारदार असेल तर कास्ट, आणि रुंद, घासून सपाट केलेला पट्टा असेल तर फोर्ज्ड. टांगून हलकेच ठोकला तर फोर्ज्ड क्रँक घंटेसारखा वाजतो आणि कास्ट बद्द आवाज देतो, पण रेघ जास्त खात्रीची.

बिलेट म्हणजे आख्खा क्रँक स्टीलच्या जाड गोल बारमधून कोरून काढलेला. फोर्जिंगमध्ये धातूचे तंतू क्रँकच्या वळणांबरोबर वळतात हा त्याचा फायदा सांगतात, तर बिलेटचा फायदा असा की डाय म्हणजे साचा लागत नाही, हवा तो स्ट्रोक, हवं ते काउंटरवेट (क्रँकचा तोल राखणारं वजन) मिळतं. म्हणून ज्या इंजिनाचे क्रँक वर्षाला मोजकेच विकले जातात त्याच्यासाठी फोर्जिंग डाय करणं कुणाला परवडत नाही आणि बिलेट हाच रस्ता उरतो.

आता नायट्रायडिंग, ज्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. १९६३ ला मिनी कूपर एस आली तेव्हा तिचा क्रँक ईएन४०बी चा, नायट्राइड केलेला होता, आणि नंतरच्या बऱ्याच १२७५ क्रँकना टफ्टराइड करायचे. दोन्हींमध्ये स्टीलच्या कातडीत नायट्रोजन शिरतो, ती कडक होते आणि मुख्य म्हणजे दाबाखाली राहते, त्यामुळे तडा सुरू व्हायला वेळ लागतो. पण खोलीत जमीन-अस्मानाचा फरक. टफ्टराइडचा वरचा कडक थर साधारण १० ते २० मायक्रॉनचा. पहिल्या अंडरसाइजला (जर्नल ग्राइंड करून बारीक करायच्या पहिल्या टप्प्याला) व्यासातून दहा थाऊ म्हणजे ०.०१० इंच जातं, म्हणजे प्रत्येक बाजूने १२७ मायक्रॉन. थर गेला सगळा ग्राइंडिंगच्या भुशात! ग्राइंड केलेला टफ्टराइड क्रँक पुन्हा ट्रीट केल्याशिवाय "ट्रीटेड" म्हणून विकत असेल कुणी तर तो फक्त इतिहास सांगतोय. ईएन४०बी वर गॅस नायट्रायडिंगचा थर बराच खोल जातो, तिथे पहिलं ग्राइंडिंग निभावू शकतं, पण विचारून आणि हार्डनेस तपासूनच.

कुठून मिळवतात

सगळ्यात स्वस्त आणि बऱ्याचदा सगळ्यात शहाणा रस्ता म्हणजे त्याच कंपनीचा जास्त दणकट क्रँक शोधणं. क्रायस्लरच्या ३४० ला सुरुवातीला फोर्ज्ड क्रँक होता, पुढे तो कास्ट झाला, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांचा माल लोक शोधत असतात. शेवरलेनेही काही हाय परफॉर्मन्स इंजिनांत फोर्ज्ड क्रँक दिले होते. दुसरा जुगाड भावकीतून उचलायचा: निसानच्या एलडी२८ डिझेलचा ८३ मिमी स्ट्रोकचा फोर्ज्ड क्रँक एल२८ पेट्रोलमध्ये टाकून, सिलिंडर ८९ मिमी व्यासाला बोअर करून ३.१ लिटर बनवतात, आणि शेवरले ४०० चा क्रँक मेनवर बारीक करून ३५० मध्ये घालून प्रसिद्ध ३८३ झालं. असा जुना क्रँक घेताना मॅग्नाफ्लक्स केल्याशिवाय पैसे मोजू नयेत. चुंबकित करून वर फ्लोरोसंट पावडर टाकली की अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली तडा हिरवट रेघेसारखा चमकतो, जो नुसत्या डोळ्याला दिसणार नाही.

नवीन घ्यायचा तर अमेरिकन व्ही८ वाल्यांची चैन आहे, स्कॅट, ईगल, कॅलिज यांच्याकडे शेल्फवर माल असतो. यातल्या स्वस्त रेंजचं कच्चं फोर्जिंग बऱ्याचदा चीनमधून येतं. त्यात वाईट काही नाही, फरक पडतो तो फिनिशिंगमध्ये, ग्राइंडिंग कुणी केलं, गोलाई किती ठेवली, हीट ट्रीटमेंट कुठे झाली, आणि विक्रेता हे सांगायला टाळाटाळ करत असेल तर काय ते समजून जायचं. ब्रिटिश आणि इतर कमी खपाच्या इंजिनांसाठी इंग्लंडमधल्या फार्नडन, अ‍ॅरो अशा कंपन्या ऑर्डरप्रमाणे स्टील क्रँक बनवतात, तिथे महिनोन्महिने थांबायची तयारी हवी.

ऑर्डर करताना इंजिनचं नाव सांगून भागत नाही, उपप्रकार लागतो. शेवरले स्मॉल ब्लॉकला मेन जर्नलची तीन मापं आहेत, जुनं २.३०, साधारण १९६८ पासून २.४५, आणि ४०० ला २.६५ इंच, शिवाय मागचं ऑइल सील १९८५ पर्यंत दोन तुकड्यांचं आणि १९८६ पासून एकसंध. फोर्ड ३०२ चं बॅलन्सिंग बाहेरून, म्हणजे तोलाचं काही वजन फ्लायव्हील आणि डॅम्परवर, आधी २८ औंस-इंच आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ५०, चुकीचं फ्लायव्हील लागलं की इंजिन अख्खी गाडी हलवतं. एमजीबीत १९६४ च्या शेवटी तीन बेअरिंगवरून पाच बेअरिंग झाले. फोक्सवॅगन १६०० चा मूळ ६९ मिमी क्रँक काउंटरवेटशिवायचा असतो, आफ्टरमार्केटमध्ये काउंटरवेटवाले ७८, ८२ मिमी असे मिळतात आणि फ्लायव्हीलला चारऐवजी आठ डॉवेल (जोड पक्का धरणाऱ्या पिना) करून घेतात, पण ८२ बसवायचा तर केसमध्ये रॉडला जागा करून द्यावी लागते.

आल्यावर काय बघायचं

नवीन आहे म्हणून मापं न घेता बसवणं हा जुगार. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने रनआउट (वाकडेपणा), मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नलचा टेपर (निमुळतेपणा) आणि ओव्हॅलिटी (गोलाईतला फरक), शिवाय सगळे थ्रो (रॉड जर्नलचे बाहेर आलेले भाग) एकाच स्ट्रोकचे आणि बरोबर कोनात आहेत का. बेअरिंग क्लिअरन्सचा जुना ठोकताळा दर इंच व्यासाला एक थाऊ असा आहे. ऑइलचे मार्ग ब्रशने आतून धुवायचेच, ग्राइंडिंगची धूळ तिथे हमखास सापडते.

आणि एक गोष्ट जी फार लोकांच्या लक्षात येत नाही. मजबुतीसाठी कोपऱ्याची गोलाई मोठी ठेवलेली असते, मग साधं बेअरिंग त्या गोलाईवर चढतं. उघडून बघितलं तर बेअरिंगच्या अगदी कडेला एक चकचकीत पट्टी दिसते, बाकी शेल एकदम कोरं. यासाठी कडेला चॅम्फर दिलेले बेअरिंग मिळतात, तेच घ्यावेत, किंवा कड हाताने स्क्रेप करावी. गोलाई मात्र ग्राइंड करून कमी करू नये, तिच्यासाठीच तर पैसे दिलेत.

बॅलन्सिंग नवीन पिस्टन आणि रॉडच्या वजनावर पुन्हा करावं लागतं, व्ही इंजिनला त्यासाठी बॉबवेट (बॅलन्सिंग करताना पिस्टन-रॉडच्या जागी क्रँकवर लावायचं वजन) काढतात आणि काउंटरवेट कमी पडलं तर त्यात टंगस्टनचे जड तुकडे घालतात. काउंटरवेटला सुरीसारखी धार लावण्याचं कौतुक ऐकायला मिळतं, रस्त्यावरच्या गाडीला त्यातून फोटोपलीकडे फारसं काही मिळत नाही.

हिस्टॉरिक रेसिंगमध्ये गाडी धावणार असेल तर आधी नियम वाचावेत. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या अपेंडिक्स के या नियमांखाली गाडी तिच्या काळातल्या स्पेसिफिकेशनला धरून असावी लागते, स्ट्रोक मूळचाच ठेवावा लागतो, त्यामुळे तिथे स्ट्रोकर क्रँकचा काही उपयोग नाही आणि त्याच मापाचा, जास्त चांगल्या स्टीलचा क्रँक चालेल का हे त्या गाडीच्या कागदांवरून आणि स्क्रुटिनियरला (गाडी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला) आधी विचारूनच ठरतं.