रेशन बंद होणे : गरीब कुटुंबाच्या ताटावर होणारा परिणाम

सार्वजनिक वितरण व्यवस्थेतून स्वस्त किंवा मोफत धान्य घेणाऱ्या कुटुंबाचे धान्य काही महिन्यांसाठी किंवा कायमचे थांबणे, याला बोलीत ‘रेशन बंद होणे’ म्हणतात. ‘नाव उडालं’, ‘कार्ड ऑनलाइन दिसत नाही’, ‘अंगठा लागत नाही’ ही त्याचीच वेगवेगळी रूपे. विदर्भ-मराठवाड्यात रेशन दुकानाला ‘कंट्रोल’ म्हणायची जुनी सवय आहे, त्यामुळे तिकडे ‘कंट्रोल बंद झालं’ असेही ऐकू येते. रेशन थांबले की घरातला भात किंवा पोळी थांबत असेल, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात भात-भाकरी शेवटपर्यंत टिकते. ती टिकावी म्हणून डाळ, तेल, भाजी, दूध आणि अंडी एकेक करून ताटातून उठतात. पोषणाचे खरे नुकसान तिथे होते आणि ते सहसा कोणाच्या नोंदीत येत नाही. येथील विवेचन मुख्यतः महाराष्ट्राविषयी आहे.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. अंत्योदय कार्डावर, म्हणजे अतिगरिबांसाठीच्या कार्डावर, कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते, तर यादीतल्या इतर गरीब कुटुंबांना, म्हणजे ‘प्राधान्य कुटुंबा’ला, माणशी ५ किलो. सुरुवातीला तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो होते. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. याच तारखेला आणखी एक गोष्ट घडली, तिची चर्चा फार झाली नाही. करोनाच्या काळात, एप्रिल २०२० ते डिसेंबर २०२२ दरम्यान, मधला काही महिन्यांचा खंड वगळता, माणशी ५ किलो जास्तीचे धान्य मिळत होते. ते जानेवारी २०२३ मध्ये थांबले. पाच माणसांच्या घराचे महिन्याला साठ-सत्तर रुपये वाचले आणि त्याच घरात येणारे धान्य ५० किलोवरून २५ किलोवर आले. लाभ कमी होण्याचा हा राज्यातला अलीकडचा सर्वांत मोठा प्रसंग म्हणावा लागेल.

माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये २,००० किलोकॅलरीच्या आहाराचे जे आदर्श ताट सुचवले, त्यात तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये (किंवा अंडी-मांस) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि दूध ३०० मिलिलिटर धरले आहे. ऊस तोडणारा, हमाली करणारा किंवा बांधकामावर पाट्या उचलणारा माणूस या ताटापेक्षा खूप जास्त भाकरी खातो, कारण बाकीचे पदार्थ त्याच्या ताटात जवळजवळ नसतातच. म्हणून रेशन चालू असतानाही ते ‘पंधरा-वीस दिवस पुरतं’ असेच घरोघरी ऐकायला मिळते.

लाभ कसा थांबतो

पुरवठा विभागाच्या भाषेत या प्रश्नाचा गाभा ‘इष्टांक’ या शब्दात आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली किती लोकांना धान्य द्यायचे याची राज्यनिहाय मर्यादा २०११ च्या जनगणनेवरून ठरली. महाराष्ट्रासाठी ती ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्के, एकूण सुमारे ७ कोटी लोक, अशी आहे. त्यानंतर लोकसंख्या वाढली, पण इष्टांक तिथेच राहिला. परिणामी घरात मूल जन्माला आले तरी ‘इष्टांक पूर्ण आहे’ म्हणून त्याचे ५ किलो मिळत नाहीत. चार माणसांचे धान्य पाच जणांत वाटले जाते.

उत्पन्नाची मर्यादाही तशीच जुनी. प्राधान्य कुटुंबासाठी ती ग्रामीण भागात वर्षाला ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये ठरवण्यात आली. नवरा-बायकोने ३०० रुपये रोजाने वर्षातले फक्त ७५ दिवस काम केले तरी ४५,००० होतात. म्हणजे कागदावर हे जोडपे मर्यादेबाहेर गेले. नियम काटेकोर लावायचा ठरवला तर कोणाचेही नाव कधीही काढता येते, आणि ही टांगती तलवार केशरी कार्डवाल्या मजुराला चांगली ठाऊक असते.

लग्न होऊन आलेल्या सुनेची गोष्ट वेगळी. माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय सासरच्या कार्डावर नाव चढत नाही. दाखला मिळतो, माहेरचे नाव जाते, आणि सासरी पुन्हा इष्टांक आडवा येतो. मधल्या काळात ती कुठल्याच कार्डावर नसते. हा काळ नेमका तिच्या पहिल्या बाळंतपणाचा असू शकतो.

मयत, दुबार आणि कायम स्थलांतरित लोकांची नावे काढणे योग्यच आहे. मात्र त्याच चाळणीतून जिवंत आणि गरजू माणसेही गळतात. आधार जोडणी आणि ई-केवायसी (कार्डावरच्या प्रत्येकाची आधारवरून ओळख पटवणे) यांच्या मुदती पुन्हा पुन्हा वाढवाव्या लागल्या, त्याचे कारण हेच. दुकानात ई-पॉस यंत्रासमोर उभ्या असलेल्या म्हातारीकडे पाहिले की प्रश्न कळतो. आयुष्यभर भांडी घासून, निंदणी-खुरपणी करून तिच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. ती अंगठा पदराला पुसते, पुन्हा ठेवते. यंत्र नकार देते. दुसरे बोट, मग दुसरा हात. मागची रांग चुळबुळू लागते. दुकानदार म्हणतो, “आजी, उद्या या, सर्व्हर पण स्लो आहे.” तिचा एक रोज बुडालेला असतो, आणि उद्याचाही बुडणार असतो. डोळ्यांची बुबुळे किंवा मोबाइलवरचा ओटीपी हे पर्याय नियमात आहेत. ते दुकानापर्यंत पोचले असतील तरच उपयोगी.

ताटात काय बदलते

पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाचे २५ किलो धान्य थांबले तर ते बाजारातून आणावे लागते. साधा गहू-तांदूळ किलोला ३५ रुपये धरला तरी हा खर्च ८७५ रुपये होतो. हातावर पोट असलेल्या घरात एवढ्या पैशांत महिन्याची डाळ, तेल आणि चहाची साखर बसत असते. धान्य टाळता येत नाही, म्हणून ही यादी आखडते.

पहिला फरक आमटीत दिसतो. वाटीभर डाळीच्या जागी अर्धी वाटी शिजते, पाणी तेवढेच राहते आणि तिखट वाढते. वरण पातळ झाले की भात जास्त लागतो, हेही खरे. त्यानंतर आमटी रोजची न राहता एक दिवसाआड होते; मधल्या दिवशी मिरचीचा ठेचा, लसणाची कोरडी चटणी किंवा नुसते मीठ-तेल. तेल बाटलीऐवजी दहा-वीस रुपयांच्या पाऊचमध्ये येऊ लागते आणि ते महाग पडते. भाजी आठवडी बाजार उठताना, उरलीसुरली घेतली जाते. दूध फक्त चहापुरते, मग चहा काळा. कोकणपट्टीत आणि मुंबईच्या वस्त्यांत सुकट-जवळ्यावर एक वेळ निघते. पावसाळ्यात खेड्यांत टाकळा, घोळ, कुर्डू, पाथरी या रानभाज्या आधार देतात. त्या पौष्टिक आहेत, पण त्या चार महिन्यांच्या. उन्हाळ्यात त्यांची जागा घेणारे काही नसते.

शहरात हीच घसरण वेगळी दिसते. सकाळी चहा आणि पाव किंवा खारी, मुलांच्या हातात पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट, संध्याकाळी भात. पोट भरते, भूक मारली जाते. प्रथिने, लोह आणि जीवनसत्त्वे मात्र मिळत नाहीत. रेशनचा तांदूळ २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून दिला जाऊ लागला आणि मार्च २०२४ पर्यंत सर्वत्र पोचला. त्यातले वेगळे दिसणारे दाणे ‘प्लास्टिकचे’ समजून अनेक बायकांनी ते निवडून फेकले, ही माहिती न पोचल्याची खंत. पण ज्यांचे कार्ड बंद झाले त्यांच्या घरातून तो तांदूळही गेला आणि बाजारातला साधा तांदूळ आला.

घरातल्या घरात वाटणी समान नसते. कमावत्या माणसाला भाकरी पुरी पडावी, मुलांचे पोट भरावे, असे बघून बाई शेवटी जेवायला बसते. पातेल्यात उरलेले ते तिचे. ‘मला भूक नाही’ हे वाक्य अशा महिन्यांत जास्त ऐकू येते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने हडकुळी होती. ही आकडेवारी रेशन चालू असलेल्या राज्याची आहे. धान्य थांबलेल्या घराला घसरायला खाली जागाच थोडी असते.

मुलांच्या बाबतीत शाळेतली खिचडी हा मोठा आधार. घरात डाळ शिजत नसेल तेव्हा दिवसातली एकमेव डाळ शाळेत मिळते, म्हणून मे महिन्याची सुट्टी या घरांना जड जाते. शालेय पोषण आहारात राज्याने नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याला एक अंडे सुरू केले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबला. दिवाळी २०२२ पासून सणासुदीला १०० रुपयांत मिळणारा रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेलाचा ‘आनंदाचा शिधा’ही २०२५ च्या गणेशोत्सवात मिळाला नाही.

धान्याऐवजी पैसे

चौदा जिल्ह्यांतल्या, प्राधान्य यादीत नसलेल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांचा अनुभव येथे महत्त्वाचा आहे. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, अशा शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या जिल्ह्यांत ऑगस्ट २०१५ पासून या कुटुंबांना माणशी ५ किलो धान्य २ आणि ३ रुपये दराने मिळू लागले. २०२२ मध्ये भारतीय अन्न महामंडळाकडून या योजनेसाठी गहू-तांदूळ मिळणे थांबले. राज्याने जानेवारी २०२३ पासून धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात देण्याचे ठरवले. २०२४ मध्ये ते १७० झाले. हिशेबाने ५ किलोला ३४ रुपये किलोचा भाव मिळतो, म्हणजे रक्कम फार चुकीची नाही. अडचण दुसरीकडे आहे. धान्याची गोणी खाल्लीच जाते. खात्यातला पैसा औषध, बी-बियाणे, मोबाइलचे रिचार्ज आणि सावकाराचे व्याज यांच्याशी भांडत ताटापर्यंत येतो. पैसे कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यावर देण्याचा निर्णय चांगला होता, पण बाजारात धान्य महागले तर रक्कम आपोआप वाढत नाही आणि धान्याचे वजन मात्र घटते.

अभ्यास काय सांगतात

छत्तीसगडने २००० च्या दशकात रेशनव्यवस्था सुधारली, तेव्हा तिथल्या कुटुंबांनी वाचलेला पैसा डाळी, भाजीपाला आणि अंडी-मांस यांवर खर्च केल्याचे अर्थशास्त्रज्ञांना आढळले. वर सांगितलेली घसरण हीच साखळी उलटी फिरल्याने होते. अन्नसुरक्षा कायद्यामुळे आहारातील वैविध्य वाढले आणि सुमारे १८ लाख मुले खुजेपणापासून वाचली, असा निष्कर्ष अलीकडच्या एका अभ्यासात निघाला आहे. झारखंडमध्ये कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी बोटांच्या ठशांची सक्ती तपासली. ज्यांचे आधार आधी जोडलेले नव्हते त्यांच्या लाभात त्यामुळे सुमारे १० टक्के घट झाली. त्याच राज्यात सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये ११ वर्षांची एक मुलगी दगावली. आधार न जोडल्यामुळे तिच्या घरचे कार्ड रद्द झाले होते. मृत्यूचे कारण भूक की आजार यावर कुटुंब आणि प्रशासन यांचे एकमत झाले नाही. घरात धान्य नव्हते, याचे महत्त्व त्या वादात हरवू नये.

कायद्यातील तरतूद

हक्काचे धान्य मिळाले नाही तर कलम ८ नुसार अन्नसुरक्षा भत्ता द्यावा लागतो. २०१५ च्या नियमांनुसार तो हमीभावाच्या सव्वापट रकमेतून रेशनचा दर वजा करून काढतात. तक्रारीसाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग आहे. पण ज्याचे नावच यादीतून उडाले, तो या तरतुदीसाठी आधी ‘लाभार्थी’ ठरावा लागतो. त्यासाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आधारच्या झेरॉक्स आणि किमान दोन-तीन खेपा होतात.

रेशन पुन्हा सुरू झाले तरी ताट लगेच पूर्ववत होत नाही. बंद काळात किराणा दुकानात उधारी साचलेली असते, कुठे कानातले गहाण पडलेले असते. वाचलेला पैसा आधी त्या वहीत जातो. तेल पहिल्यांदा परत येते, मग डाळ पूर्वीच्या मापावर चढते. दुधाचा रतीब लावायला आणखी कित्येक महिने जातात.