एकाच केबलवरच्या दोन डिस्क

एकच नोंद एकाच वेळी दोन डिस्कवर लिहायची ही युक्ती १९७० च्या दशकातली, क्षणभरही बंद पडून चालणार नाही अशा यंत्रांसाठीची. १९८८ मध्ये रेडची, म्हणजे अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून वापरायची, कल्पना मांडणारा निबंध आला. त्यात या दुहेरी लिहिण्याला, म्हणजे मिररिंगला, जागा मिळाली, पण सर्वांत महागडा पर्याय म्हणून, कारण डिस्क दुप्पट लागतात. मुंबईतल्या छोट्या पेढ्यांनी मात्र तीच पद्धत उचलली. एक गेली तर दुसरी आहे, एवढं मालकाला लगेच पटायचं.

नव्वदच्या दशकात फोर्ट, मशीद बंदर भागात सर्व्हर म्हणजे बहुधा नेटवेअर, ही नॉव्हेल कंपनीची नेटवर्क चालवणारी प्रणाली. त्यात दोन वेगळे शब्द होते. दोन डिस्क एकाच कंट्रोलर कार्डावर (डिस्क मशीनला जोडणारं कार्ड) असल्या तर मिररिंग, प्रत्येकीला वेगळं कार्ड दिलं तर डुप्लेक्सिंग. कोटेशनवर खरी घासाघीस व्हायची ती इथेच. दुसऱ्या डिस्कला मालक तयार होत, दुसऱ्या कार्डावर काट मारत. ‘माहिती तर दोन ठिकाणी आहे ना?’ आहे, पण तिथवर जायचा रस्ता एकच. कार्ड गेलं की दोन्ही डिस्क धडधाकट असून कामाच्या नाहीत. ती काट चुकीचीच होती, असं माझं आजही ठाम मत आहे.

पुढे साध्या पीसीतल्या स्वस्त आयडीई डिस्क आल्या आणि डुप्लेक्सिंग हा शब्दच मागे पडला. चाळीस पिनांच्या एका चपट्या केबलवर मास्टर आणि स्लेव्ह म्हणून लावलेल्या दोन डिस्क, दोघींचा मिरर, असे सर्व्हर सर्रास दिसू लागले. मशीद बंदरच्या एका पेढीत असाच सर्व्हर मी उघडला होता. स्लेव्ह डिस्क टकटक करत होती आणि तिच्यापायी अख्खी केबल अडकली होती. तिची केबल आणि पॉवर काढून ठेवली, तशी मशीन सुरू झाली. हिशेब शाबूत होते, पण तोवर दिवसभराची बिलं हातानं लिहून झाली होती. नवी डिस्क मी दुसऱ्या केबलवर लावली. खर्च एका केबलचा.

डिलीट केलेली फाइल दोन्हीकडून जाते, म्हणून मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुर्ला-कलिनाकडे तळमजल्यांत पाणी शिरलं. टेबलाखाली ठेवलेल्या सर्व्हरमधल्या दोन्ही प्रती एकाच पाण्यात. त्यानंतर माझ्या ओळखीच्या दोन ऑफिसांनी सर्व्हर माळ्यावर चढवला आणि रोजची एक प्रत घरी न्यायला सुरुवात केली.

आता दोन कप्प्यांची नॅस पेटी, म्हणजे थेट नेटवर्कला जोडायची डिस्कपेटी, मिळते. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून एकाच दिवशी, एकाच लॉटच्या दोन डिस्क घेऊन लोक तीत बसवतात. पेटीला पॉवर अडॅप्टर एकच असतो.