चांगलं कॉर्न्ड बीफ हॅश इतकं दुर्मिळ का झालं?

न्यू जर्सीतल्या कुठल्याही डायनरमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या साध्या खाणावळीत, सकाळी जा, नाश्त्याच्या पानावर कॉर्न्ड बीफ हॅश असतंच. खारवून उकडलेलं गोमांस, बटाटा आणि कांदा एकत्र करून तव्यावर दाबायचं, खालची बाजू खरपूस होऊ द्यायची आणि वर दोन अंडी. एवढं साधं प्रकरण. तरी बहुतेक ठिकाणी ताटात येतो तो एकजीव गुलाबी लगदा. मांस कुठे संपलं आणि बटाटा कुठे सुरू झाला तेही कळत नाही. मी इथे राहायला आल्यापासून चांगल्या हॅशच्या शोधात आहे. ते कुठे मिळेल याचा अंदाज ठिकठिकाणी खाऊन जेवढा आला नाही, तेवढा या पदार्थाचा मागचा इतिहास कळल्यावर आला.

आधी नावाचं बघू. यातल्या ‘कॉर्न’चा मक्याशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत कुठल्याही बारीक, टणक दाण्याला कॉर्न म्हणत. मांस ज्या जाड्याभरड्या मिठात पुरून ठेवायचे त्याचे खडे दाण्यांएवढे असत, म्हणून ते कॉर्न्ड बीफ. हॅश हा शब्द फ्रेंचमधल्या चिरणे, तुकडे करणे अशा अर्थाच्या क्रियापदावरून आला. लंडनच्या सॅम्युअल पेपिसने जानेवारी १६६३ मध्ये घरी दिलेल्या एका मेजवानीची रोजनिशीत नोंद केली आहे, त्यात सशाच्या मांसाचं हॅश आहे. म्हणजे हॅश ही मुळात एक रीत. शिजलेलं मांस उरलं की ते चिरून पुन्हा तव्यावर घ्यायचं. आपल्याकडे रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा होतो, भाताला फोडणी पडते, तसंच ते. ताज्या पोळीचा कुस्करा कधी चांगला होत नाही, हे ज्याने खाल्लाय त्याला सांगायला नको. हॅशचंही सगळं मर्म त्यातच आहे.

खारवलेल्या गोमांसाचा व्यापार वाढला तो आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कॉर्क शहरात, आणि त्याला कारण झाला इंग्लंडचा कायदा. आयर्लंडमधून येणाऱ्या गुरांमुळे आपल्या जनावरांचे भाव पडतात अशी इंग्लंडच्या जमीनदारांची तक्रार होती. १६६३ मध्ये या गुरांवर निर्बंध आले आणि १६६७ मध्ये ती आणायला बंदीच झाली. मग आयर्लंडमध्ये ती तिथेच कापून, पिंपात खारवून, बोटीने बाहेर पाठवायला सुरुवात झाली. पोर्तुगाल-स्पेनकडचं जाड मीठ स्वस्तात येत होतं, बंदर उत्तम होतं. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं कॉर्कची पिंपं ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर गेली, कॅरिबियन बेटांवर गेली, तिथल्या उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या ताटात गेली. इंग्रजांशी लढणाऱ्या फ्रेंचांच्या वसाहतींनाही कॉर्कचंच मांस लागे.

ज्यांच्या मुलखात हे मांस तयार होत होतं, त्या आयरिश कुळांना मात्र ते परवडत नव्हतं. चांगली जमीन गुरांच्या चराईखाली गेलेली. उरलेल्या तुकड्यांवर कुटुंब जगेल असं पीक एकच, बटाटा. १८४५ मध्ये त्या बटाट्यावर करपा पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं उपासमारीने आणि रोगराईने मेली, आणखी १० लाखांहून जास्त देश सोडून गेली. त्यांतली बरीच अमेरिकेला आली. म्हणून डायनरच्या तव्यावर बटाटा आणि गोमांस एकत्र परतताना बघितले की मला बरं वाटतं. एका मुलखातून हे दोन जिन्नस दोन वेगळ्या वाटांनी निघाले होते. एक साहेबाच्या जहाजासाठी, दुसरा गरिबाच्या चुलीसाठी.

या मांसाच्या रंगाची गोष्ट तर आपल्याही दारात येते. नुसत्या मिठात मुरवलेलं मांस शिजवल्यावर करडं पडतं. गुलाबी रंग टिकतो तो सोऱ्यामुळे, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटमुळे. मिठाच्या पाण्यातले जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, आणि ते मांसातल्या रंगद्रव्याला असं धरून ठेवतं की उकळलं तरी गुलाबीपणा जात नाही. १९२५ पासून अमेरिकेत कारखान्यांना थेट नायट्राइट वापरायची परवानगी मिळाली, त्याआधी सोराच. आणि सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपला सोऱ्याचा मोठा पुरवठा बिहारमधून होई. पाटण्याला डच आणि इंग्रज कंपन्यांच्या वखारी होत्या आणि या मालावरून त्यांच्यात चढाओढ चाले. मुख्य गिऱ्हाईक होतं तोफांची दारू.

सोरा मी पहिल्यांदा पाहिला तो वसईला आजीच्या फळीवर, एका कागदी पुडीत. आमच्याकडे नाताळाच्या आधी जीभ खारवायचे. आजी अख्ख्या जिभेला दाभणाने टोचे मारायची, मग मीठ, लिंबाचा रस आणि चिमूटभर सोरा चोळून चिनी मातीच्या बरणीत घालायची आणि वर वरवंटा ठेवायची. रोज सकाळी बरणीत हात घालून जीभ उलटायची. नाताळात उकडून सुरीने काप काढले की आतून गुलाबी. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही खारवलेली जीभ असतेच. अमेरिकेत पहिल्यांदा कॉर्न्ड बीफचा काप समोर आला तेव्हा तो रंग आणि तो वास मला ओळखीचा वाटला, आणि मला वाटतं माझा शोध तिथूनच सुरू झाला.

अमेरिकेत हॅश दोन घरांत वाढलं. एक न्यू इंग्लंडचं, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं. तिथे खारवलेलं गोमांस, बटाटा, कोबी, गाजर, सलगम असं सगळं एका मोठ्या भांड्यात उकडायची जुनी पद्धत, बीट बहुधा वेगळं उकडायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं लाकडी कुंड्यात घालून कोयत्यासारख्या वाकड्या पात्याने चिरायचं आणि लोखंडी तव्यात परतायचं. बीट पडलं की सगळं लालभडक, म्हणून त्याला लाल फ्लॅनेल हॅश म्हणतात. व्हरमाँट, मेन या भागांत ते अजून मिळतं आणि मिळालं तर सोडू नये.

दुसरं घर न्यूयॉर्कचं. आयरिश लोक तिथे आले आणि पुढे त्यांच्या शेजारपाजारी पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचे खाटीक आले. कोशर, म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या धार्मिक नियमांप्रमाणे जनावराच्या मागच्या भागातली एक नस आणि काही चरबी काढल्याशिवाय ते मांस चालत नाही. ते काम इतकं किचकट की अमेरिकेतले कोशर खाटीक पुढच्या भागाचंच मांस विकत. त्यात ब्रिस्केट, म्हणजे छातीचा भाग. जाड धाग्यांचा, चिवट, म्हणून स्वस्त. पण मिठाच्या पाण्यात आठवडाभर मुरवून तीन-चार तास मंद उकडला तर बोटाने सुटतो. आयरिश बायकांनी घरची डुकराच्या मांसाची सवय सोडून हे ब्रिस्केट घेतलं आणि कोबीबरोबर शिजवलं. आज १७ मार्चला सेंट पॅट्रिकच्या सणाला आयरिश म्हणून जे खाल्लं जातं ते असं न्यूयॉर्कच्या ज्यू खाटकाच्या दुकानातून आलेलं आहे.

याच ब्रिस्केटवर ज्यू डेली उभ्या राहिल्या. डेली म्हणजे डेलिकटेसन, खारवलेलं-धुरावलेलं मांस विकायची मूळची जर्मन वळणाची दुकानं. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड वस्तीतली कॅट्झ ही डेली १८८८ पासून आहे. डेलीत हॅश जन्माला येण्याचं कारण अगदी व्यवहाराचं. अख्खं ब्रिस्केट उकडून त्याचे सँडविचसाठी काप काढले की दोन्ही टोकं उरतात, कडा उरतात, सुटलेले धागे उरतात. ते सँडविचमध्ये नीट बसत नाहीत, पण चव त्यांच्यातच जास्त, कारण मीठ-मसाला कडांनाच लागलेला असतो. ते टाकणार कोण? बटाट्यात घालून तव्यावर. कोशर डेलीत मांसाबरोबर लोणी चालत नाही, म्हणून तिथलं हॅश तेलात किंवा कोंबडीच्या चरबीत परततात. अंडं मात्र मांसातही धरत नाहीत आणि दुधातही नाही, त्यामुळे ते वर खुशाल बसतं.

डायनरचा उगम प्रॉव्हिडन्स शहरातला. १८७२ मध्ये वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने घोडागाडीतून रात्रपाळीच्या लोकांना, त्यांत वर्तमानपत्राच्या कचेरीतले कामगार आले, खाणं विकायला सुरुवात केली. संध्याकाळी आठनंतर खाणावळी बंद होत. पुढे गाड्यांना छप्पर आलं, आत बसायला जागा आली, मग चाकं गेली आणि रेल्वेच्या डब्यासारखी कारखान्यात बांधलेली डायनरं ट्रकवरून येऊन रस्त्याकडेला कायमची बसली. अशा चिंचोळ्या जागेत एक तवा, एक माणूस आणि समोर रांगेत गिऱ्हाईकं. तिथे हॅश अगदी फिट्ट बसलं. आदल्या दिवशीच तयार करून ठेवायचं, मागणी आली की तव्यावर टाकायचं. स्वस्त खाणावळींना त्याआधीपासूनच ‘हॅश हाउस’ हे नाव पडलं होतं. त्या काळापासून हॅशविषयी संशयही चालत आला, कारण चिरल्यावर आत काय गेलं ते कळत नाही. हॅशची मागणी आली की वाढपी आतल्या स्वयंपाक्याला ओरडून सांगायचा: गिऱ्हाईक नशीब आजमावतंय!

तो संशय डब्याने पक्का केला. १८७५ मध्ये शिकागोत निमुळत्या डब्याचं पेटंट निघालं. एका बाजूने रुंद, एका बाजूने अरुंद, म्हणजे उपडा करून आपटला की मांसाचा अख्खा ठोकळा बाहेर. शिकागोच्या कत्तलखान्यांतून आणि उरुग्वेतल्या फ्राय बेंटोसमधून कॉर्न्ड बीफचे डबे जगभर गेले. फ्राय बेंटोसचा तो कारखाना २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात डब्यातल्या गोमांसावरून अमेरिकी सैन्यात मोठं रण माजलं. १९०६ मध्ये मांस तपासणीचा कायदा झाला, डबे सुधारले, लोक डब्याला सरावले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या शिध्यातल्या मांसाच्या तीन डब्यांपैकी एक हॅशचा होता. सैनिक त्याला वैतागले, हे खरं, पण डब्यातलं हॅश हेच हॅश, अशी एका अख्ख्या पिढीच्या जिभेला सवय लागली.

युद्धानंतर डायनरं मोठी झाली. आमच्या न्यू जर्सीत आणि न्यूयॉर्कच्या आसपास त्यांतली बरीचशी ग्रीक कुटुंबांनी घेतली, कष्टाने चालवली, आणि मेन्यूचं पुस्तक झालं. मुसाका, पास्ता, कोळंबी, चीजकेक, चोवीस तास. इतकं सगळं करणाऱ्या स्वयंपाकघरात आठवडाभर ब्रिस्केट मुरवायचं, चार तास उकडायचं, उकडल्यावर त्याचं घटलेलं वजन सोसायचं आणि हे सारं नाश्त्याच्या एका पदार्थासाठी, हे जमणार कसं? फळीवरचा डबा उघडणं सोपं. मी मालकांना दोष देत नाही. पण हॅश उरलेल्याचं होतं, आणि जिथे कॉर्न्ड बीफ शिजतच नाही तिथे उरणार काय? डेलींचीही संख्या घटत गेली. १९३७ पासूनची मॅनहॅटनची कार्नेगी डेलीसुद्धा २०१६ च्या शेवटच्या दिवशी बंद झाली.

त्यामुळे मी आता हॅशच्या आधी मेन्यूत कॉर्न्ड बीफचं सँडविच शोधतो आणि वाढणाऱ्या बाईंना विचारतो, मांस इथेच उकडता का? हो म्हणाल्या तर हॅश मागवतो आणि चांगलं खरपूस करा म्हणून सांगतो. ताटात मांसाचे धागे दिसायला हवेत, बटाट्याच्या फोडी लहानमोठ्या हव्यात. एकसारखे चौकोनी बारीक तुकडे दिसले की ते डब्यातून आलं. सगळ्यात महत्त्वाची खालची खरवड. एका छोट्या डायनरमध्ये तव्यासमोरच्या स्टुलावर बसून मी ती होताना पाहिली आहे. त्या माणसाने दोन मुठी हॅश तव्यावर टाकलं, उलथन्याने पसरून दाबलं, वर एक लोखंडी वजन ठेवलं आणि चक्क पाठ फिरवून टोस्टकडे गेला. पाच-सहा मिनिटं हात लावला नाही. घाईचा स्वयंपाकी सारखा ढवळतो आणि मग कणही लाल होत नाही. हा परत आला, उलथनं तव्याला घासत खाली सारलं, पापुद्र्यासकट सगळं एका झटक्यात उलटलं, आणि कडेला चिकटून राहिलेली खरवड खरडून माझ्या ताटात वर घातली.

तिथल्या बाई म्हणाल्या, एरवी मंगळवारी आणि शुक्रवारीच मिळेल, पण मार्चमध्ये १८ तारखेला सकाळी सातच्या आत या. सतराला आम्ही दिवसभर कॉर्न्ड बीफ आणि कोबी वाढतो, अठराला नऊपर्यंत हॅश संपतं.