मुंगूस पोचलं नाही तेवढी जमीन

अँटिग्वा म्हटलं की आपल्याला आधी क्रिकेट आठवतं. व्हिव्ह रिचर्ड्स, अँडी रॉबर्ट्स, कर्टली अँब्रोज ही सगळी याच बेटाची मुलं. लाराची 375 आणि नाबाद 400 धावांची खेळीसुद्धा इथल्या सेंट जॉन्सच्या मैदानावरची. (तिथले लोक मात्र आपल्या देशाचं नाव 'अँटीगा' असं उच्चारतात.) मला या देशाची ओढ लागली ती वेगळ्याच कारणाने, एका सापामुळे. आणि त्या सापाच्या गोष्टीत दोन प्राणी आपल्या देशातून गेलेले निघाले, तेव्हापासून ती गोष्ट डोक्यातून जातच नाही.

बेटाच्या ईशान्य किनाऱ्याबाहेर समुद्र उथळ आहे. प्रवाळाच्या रांगा, खारफुटीची दाट वनं आणि त्यांच्यामध्ये विखुरलेली लहानलहान बेटं. बहुतेकांवर कुणीच राहत नाही. हा सगळा टापू 2005 पासून संरक्षित सागरी क्षेत्र आहे. सकाळी मुख्य बेटावरून होडी निघते, लाटा प्रवाळावर अडतात म्हणून आतलं पाणी बऱ्यापैकी शांत असतं, आणि थोड्या वेळात समोर एक बुटकं, झुडपांनी भरलेलं बेट येतं: ग्रेट बर्ड आयलंड. क्षेत्रफळ दहा हेक्टरांच्या आतबाहेर, म्हणजे आपल्याकडच्या दोन-तीन बऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनीएवढं. पांढरी वाळू, मागे झाडी आणि एका टोकाला चुनखडीचा उभा कडा.

बहुतेक लोक इथे पोहायला येतात आणि पोहूनच परततात. निसर्गाची आवड असणाऱ्याने मात्र वाळू सोडून झाडीच्या कडेला यावं, आवाज न करता बसावं आणि पाचोळ्याकडे बघत राहावं. नशिबात असेल तर पाचोळ्याचाच एक भाग हलतो. तो अँटिग्वन रेसर. लांबी फार तर मीटरभर. नर गडद तपकिरी, त्यावर फिकट ठिपके. मादी चंदेरी करडी आणि नरापेक्षा मोठी. सापांत मादी थोराड असणं नवीन नाही, पण इथे रंगही इतका वेगळा की पहिल्यांदा बघणाऱ्याला दोन जातींचे साप वाटावेत. माणसाला तो निरुपद्रवी आहे. हातात धरला तरी सहसा चावत नाही, फार तर उग्र वासाचा स्राव सोडतो. पाचोळ्यात दबा धरून बसायचं आणि सरडे पकडायचे, तेही दिवसाउजेडी, हा त्याचा उद्योग. रात्री तो आडोशाला जातो.

हे दिवसाउजेडी जमिनीवर वावरणंच त्याच्या मुळावर आलं.

थोडं मागे जाऊ. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होती. तेव्हा अँटिग्वा आणि शेजारचं बार्बुडा मिळून एकच मोठं बेट होतं, आणि आजची ही चिमुकली बेटं म्हणजे त्या जमिनीवरचे उंचवटे. बर्फ वितळला, पाणी चढलं, उंचवटे तुटून वेगळे झाले. साप जिथे होते तिथेच राहिले, बहुतेक मुख्य बेटावर आणि थोडे या तुकड्यांवर.

1632 मध्ये इंग्रज अँटिग्वात वसले. त्याच शतकात जंगल तोडून ऊस लावला गेला, आणि तो पिकवायला आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली गेली. युरोपीय गलबतांतून काळे उंदीरही उतरले. हा काळा उंदीर मूळचा भारतीय उपखंडातला. कोकणात माडाच्या शेंड्यावर चढून कोवळे नारळ पोखरणारा उंदीर ज्या कुळातला, त्याच कुळातला हा. व्यापाराच्या जहाजांतून तो जगभर पसरला. अँटिग्वात त्याला ऊस मिळाला, आणि भीती वाटावी असं फारसं काही मिळालं नाही.

मळेवाल्यांनी यावर उपाय शोधला तोही आपल्याकडूनच. 1872 मध्ये जमैकातल्या एस्प्यू नावाच्या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसं मागवली, चार नर आणि पाच माद्या. कॅरिबियन बेटांवर आज जी अगणित मुंगसं आहेत, ती प्रामुख्याने या नऊ जणांची वंशावळ आहे. अँटिग्वात ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पोचली. आपल्याकडे बांधावरून तुरुतुरु जातं ते करडं मुंगूस. तिकडे गेलं ते त्याचं उत्तर भारतातलं लहान भावंड. लहानपणी ते दिसलं की आम्ही ओरडायचो, "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ!" तोंड दिसलं की दिवस चांगला जाणार अशी खात्री असायची. अँटिग्वातल्या सापाच्या वाट्याला मात्र त्याच तोंडाने निर्वंश आला.

काळा उंदीर रात्री फिरतो आणि झाडावर सहज चढतो. मुंगूस दिवसा शिकार करतं, तीही जमिनीवर. म्हणजे ज्याला मारायला आणलं त्याची गाठ कमीच पडायची, आणि ज्याची गाठ रोज पडायची तो होता दिवसा जमिनीवर वावरणारा रेसर. शिवाय जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि सरडे होतेच. आपल्याकडचे साप मुंगसाबरोबर लाखो वर्षं वाढले आहेत. नागाचा फणा, फुत्कार, बिळाकडची धाव यामागे ते जुनं वैरही असावं. अँटिग्वाच्या सापाने असा शत्रू कधी पाहिलाच नव्हता. मुख्य बेटावरून तो पुसला गेला, आणि विसाव्या शतकात तो नामशेष झाला असंच धरलं जात होतं.

1989 मध्ये तो पुन्हा सापडला, ग्रेट बर्ड आयलंडवर. मुंगसाला आपणहून समुद्र ओलांडता येत नाही, आणि कुणी त्याला या बेटावर आणलं नव्हतं. एवढ्याच गोष्टीवर एक अख्खी जात तगली होती.

पण उरले होते किती? साप मोजणं सोपं काम नाही, कारण तो समोर असूनही दिसत नाही. त्यासाठी जी पद्धत वापरतात ती मला फार आवडते. समजा पहिल्या फेरीत 20 साप सापडले. प्रत्येकाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायची आणि सोडून द्यायचं. काही दिवसांनी पुन्हा 20 पकडायचे. त्यातल्या 8 जणांकडे चिप निघाली तर आपण खूण केलेले साप एकूण सापांच्या पाचात दोन आहेत. म्हणजे एकूण साप सुमारे 50. प्रत्यक्षात हिशेब याहून किचकट असतो, पण गाभा हाच. उदाहरणात मी 50 चा आकडा मुद्दाम घेतला. 1995 च्या सुमाराला केलेल्या मोजणीत ग्रेट बर्डवर साधारण तेवढेच रेसर निघाले. साऱ्या जगात तेवढेच. त्याला जगातला सर्वांत दुर्मीळ साप म्हणत ते उगीच नव्हे.

आणि त्यातल्या अर्ध्याहून अधिक सापांच्या अंगावर जखमा होत्या, शेपट्या तुटलेल्या होत्या. मुंगूस नव्हतं, तरी उंदीर इथेही होते. ते अंडी खात आणि सापांनाही कुरतडत. साप उंदराला खातो हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की उलटं चित्र डोळ्यांसमोर आणायलाच वेळ लागतो.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लुईस हे भयंकर चक्रीवादळ अँटिग्वावर आदळलं. पन्नास साप, दहा हेक्टर जमीन आणि असली वादळं. अँटिग्वाचं वनखातं, तिथली पर्यावरण जागृतीचं काम करणारी संस्था आणि परदेशी अभ्यासक एकत्र आले. वर्ष संपायच्या आत बेटभर विषारी आमिषं मांडून उंदीर संपवले गेले. हे विष रक्त गोठू देत नाही. मोहीम नुसती विष पसरून होत नाही; बेटाची चौकटी-चौकटीत आखणी करावी लागते, कारण एक गाभण उंदरीण जरी उरली तरी वर्षभरात सगळं पहिल्यासारखं होतं. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात साप वाढवायचा प्रयत्नही झाला, तो साधला नाही. आता जे काही होणार ते बेटांवरच होणार होतं.

आणि ते झालं. ग्रेट बर्डवर साप वाढले. पण दहा हेक्टरांत किती मावणार? सरडे तेवढेच, झाडी तेवढीच. म्हणून शेजारच्या बेटांवरचेही उंदीर काढून तिथे रेसर सोडले: 1999 मध्ये रॅबिट आयलंड, 2002 मध्ये ग्रीन आयलंड, 2008 मध्ये यॉर्क आयलंड. साप हजाराच्या वर गेले. चारही बेटं मिळून एक चौरस किलोमीटरही भरत नाहीत, पण एका वादळात सगळं जाण्याची धास्ती तरी कमी झाली.

दुपारी ऊन कलतं झालं की कड्यावर जायची वाट धरावी. चढ थोडाच आहे, दगड मात्र धारदार. चुनखडी खाऱ्या वाऱ्याने झिजून करवतीसारखी होते, चपला घालून जाऊ नये. वर पोचलं की एका बाजूला निळं-हिरवं उथळ पाणी आणि दुसऱ्या बाजूला उघडा अटलांटिक. कड्याच्या कपारींत लाल चोचीचे ट्रॉपिकबर्ड घरटी करतात. पांढराशुभ्र पक्षी, मागे शरीराएवढी लांब शेपटीची दोन पिसं. ही जात आपल्या अरबी समुद्रावरही असते. उंदीर गेल्यावर समुद्रपक्ष्यांच्या घरट्यांनाही निवांतपणा मिळाला. साप वाचवायला निघालेल्या माणसांनी अशी न ठरवता कितीतरी पिल्लं वाचवली.

उतरताना सावलीला बसायची झाडं नीट बघून निवडावीत. कॅरिबियन किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं झाड असतं, हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं येणारं. फळ तोंडात घालू नये, आणि पावसात तर त्याच्याखाली उभंही राहू नये. पानांवरून ओघळलेल्या पाण्यात चीक मिसळतो आणि बिब्बा उतावा तसे फोड येतात. हे आपल्या शेराच्याच भावकीतलं झाड, स्वभावही तसाच.

आता होडीतल्या सामानाबद्दल, कारण माझ्या मते या सहलीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. उंदीर पोहतो. बेटं एकमेकांपासून फार लांब नाहीत, आणि साफ केलेल्या काही बेटांवर ते पुन्हा पोचलेही होते. त्यामुळे अशा बेटांवर पाळत कायमची ठेवावी लागते. छोट्या पेट्यांत मेणाचे तुकडे ठेवायचे आणि त्यांवर कुरतडल्याची खूण उमटते का ते ठरावीक दिवसांनी पाहायचं. झुडपात अशी एखादी पेटी दिसली तर तिला हात लावू नये. पण दरवर्षी इथे हजारो माणसं येतात, आणि उंदराला पोहण्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे होडीतली खाण्याची पेटी किंवा दोराची गुंडाळी. म्हणून निघण्याआधी धक्क्यावरच पिशव्या रिकाम्या करून झटकाव्यात, खाण्याचे डबे घट्ट बंद असावेत. बेटावर पावाचा चुरा, केळीची साल, कोंबडीचं हाड, काहीही टाकू नये. 'कुजून मातीत जाईल' हा विचार इथे चालत नाही, कारण पोहून आलेल्या पहिल्या उंदराला तोच आठवडाभराचा शिधा होतो. होडीवाला याबाबत बेफिकीर वाटला तर दुसरा बघावा.

चारच्या सुमाराला होड्या परतायला लागतात. वाळूवरची गर्दी पाण्यात उतरते, आणि सरडे पुन्हा पाचोळ्याच्या कडेला येऊन ऊन खात बसतात. अंधार पडायला अजून दोनेक तास असतात. रेसरच्या शिकारीला तेवढे पुरतात.