न्यूकमेनचं इंजिन आणि वॉटचं इंजिन, वाफ कुठे थंड होते ते बघा

वाफेचं इंजिन कोणी शोधलं विचारलं की सगळे जेम्स वॉट म्हणतात आणि लगेच ती वाफेने उडणाऱ्या किटलीच्या झाकणाची गोष्ट. पण थॉमस न्यूकमेनचं इंजिन १७१२ मध्येच इंग्लंडात डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीतून पाणी उपसत होतं, आणि वॉटचा जन्म १७३६ चा!

आणि त्या किटलीमुळे न्यूकमेनचं इंजिन डोक्यात उलटंच बसतं, कारण त्यात वाफ पिस्टनला, म्हणजे सिलिंडरच्या नळकांड्यात वर-खाली सरकणाऱ्या दट्ट्याला, ढकलतच नाही. आपण गरम भाजी स्टीलच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावतो आणि गार झाल्यावर ते काही केल्या निघत नाही, बरोबर ना? आतल्या वाफेचं पाणी झालं, पोकळी झाली आणि बाहेरच्या हवेने झाकण दाबून धरलं. न्यूकमेनने हेच केलं. सिलिंडर वाफेने भरायचा, आत गार पाण्याची धार सोडायची, पोकळी झाली की हवेच्या दाबाने पिस्टन खाली, मग वरच्या मोठ्या तुळईचं दुसरं टोक वर आणि त्याला जोडलेल्या पंपाने पाणी वर. मिनिटाला साधारण १२ वेळा.

आता गोची अशी की जो सिलिंडर आत्ताच गार केला त्यातच परत गरम वाफ सोडायची, म्हणजे बरीचशी वाफ नुसता सिलिंडर तापवण्यात जायची. ग्लासगो विद्यापीठातलं या इंजिनाचं मॉडेल १७६३-६४ च्या सुमारास वॉटकडे दुरुस्तीला आलं तेव्हा त्याने हेच पकडलं, आणि १७६५ मध्ये त्याला सुचलं की वाफ गार करायला वेगळं भांडं ठेवू, म्हणजे सिलिंडर कायम गरम राहील. हाच तो वेगळा कंडेन्सर, पेटंट १७६९ चं. त्याने सिलिंडर वरूनही बंद केला, त्यामुळे पिस्टन खाली दाबायला हवेच्या जागी वाफ आली. कोळसा साधारण पाव भागावर आला.

मला सगळ्यात भारी वाटतो तो पुढचा भाग. वॉट आणि त्याचा पार्टनर मॅथ्यू बोल्टन गिऱ्हाइकाकडून वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा घ्यायचे. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या तांब्या-कथिलाच्या खाणींना कोळसा समुद्रातून वेल्सहून आणावा लागायचा, त्यामुळे त्यांनी वॉटचं इंजिन पटापट घेतलं, पण कोळशाच्या खाणीत विकला न जाणारा चुरा पायाशीच पडलेला, तिथे जास्त कोळसा खाणारं न्यूकमेनचं इंजिन पुढे कित्येक वर्षं चालत राहिलं आणि मालकांचं काही चुकत होतं असं मला तरी वाटत नाही.

म्हणून चित्र समोर आलं तर तुळईवर जाऊ नका, ती दोघांतही असते. गार पाणी कुठे सोडलंय ते शोधा, सिलिंडरमध्येच असेल तर न्यूकमेन, शेजारच्या वेगळ्या भांड्यात असेल तर वॉट.