हिमोग्लोबिन १०.६: लोह कमी, की थॅलेसेमिया मायनर?

पॅथॉलॉजी लॅबमधून आलेला सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जण पहिली ओळ वाचतात, हिमोग्लोबिनचा आकडा पाहतात आणि कागद घडी घालून ठेवतात. आकडा कमी असेल तर घरात ‘अंगात रक्त नाही’ असे निदान होते, आणि बीट, खजूर व आयर्नच्या गोळ्या सुरू होतात. या एका आकड्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि त्या वेगळ्या ओळखण्यासाठी लागणारी बरीचशी माहिती त्याच कागदावर आणखी चार ओळी खाली छापलेली असते.

समजुतीसाठी असे दोन रिपोर्ट रचून शेजारी ठेवू. पहिला कोपरीत राहणाऱ्या ३४ वर्षांच्या शिक्षिकेचा आहे. ठाणे स्थानकाचा पूल चढताना तिला अलीकडे धाप लागते आणि केसही गळतात. दुसरा ऐरोलीच्या २६ वर्षांच्या, नऊ आठवड्यांच्या गरोदर स्त्रीचा आहे. तिला काहीही त्रास नाही, पहिल्या तपासणीत रक्त दिले म्हणून हे कळले. दोघींचे हिमोग्लोबिन १०.६. दोघींच्याही रिपोर्टखाली तांबड्या पेशी ‘आकाराने लहान आणि फिकट’ असल्याचा शेरा आहे. पहिलीला लोहाची कमतरता आहे आणि दुसरीला थॅलेसेमिया मायनर. हा फरक कशावरून कळतो, हे समजून घेण्यासाठी आधी हिमोग्लोबिन शरीरात तयार कसे होते ते पाहावे लागेल.

हिमोग्लोबिन म्हणजे हीम आणि ग्लोबिन यांची जोडणी. हीम हा लहानसा, कड्यासारखा रेणू आहे. त्याची सुरुवात पेशीतील तंतुकणिकांमध्ये ग्लायसीन हे अमिनो आम्ल आणि सक्सिनिल कोएन्झाइम ए यांच्या संयोगाने होते. या पहिल्या पायरीला ब६ जीवनसत्त्व लागते. मधल्या काही पायऱ्या तंतुकणिकांच्या बाहेर होतात, आणि शेवटी पुन्हा आत येऊन तयार झालेल्या कड्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू बसवला जातो. प्राणवायू धरतो तो हा अणू. ग्लोबिन ही मात्र प्रथिनांची साखळी आहे आणि तिचा आराखडा जनुकांत असतो: अल्फा साखळीची जनुके १६ व्या गुणसूत्रावर, बीटाची ११ व्या. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात व प्रत्येक साखळीच्या कुशीत एक हीम. हे सारे अस्थिमज्जेतल्या अपक्व पेशींमध्येच उरकावे लागते, कारण रक्तात उतरण्यापूर्वी तांबडी पेशी आपले केंद्रक बाहेर टाकते, पुढे तंतुकणिकाही गमावते, आणि मग सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात मिळालेल्या हिमोग्लोबिनवरच गुजराण करते. निरोगी अस्थिमज्जा दर सेकंदाला अशा सुमारे २० लाख पेशी तयार करते.

म्हणजे या कामात दोन पुरवठे वेळेवर यावे लागतात, लोहाचा आणि साखळ्यांचा. शिक्षिकेच्या शरीरात पहिला आटला आहे, गरोदर स्त्रीच्या शरीरात दुसरा जन्मापासूनच तोकडा आहे.

प्रौढ शरीरात एकूण तीन ते चार ग्रॅम लोह असते आणि त्यातले सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्येच गुंतलेले असते. शरीर लोहाच्या बाबतीत कमालीचे काटकसरी आहे: म्हाताऱ्या तांबड्या पेशी मोडून त्यांतले २० ते २५ मिलिग्रॅम लोह रोज पुन्हा वापरले जाते, आणि अन्नातून फक्त एक ते दोन मिलिग्रॅम शोषले जाते. लोह मुद्दाम बाहेर टाकण्याची व्यवस्था शरीराकडे नाही. ते जाते ते मुख्यतः रक्ताबरोबर. मासिक पाळीत साधारण ३५ मिलिलिटर रक्त गेले तर त्याबरोबर १५ ते १७ मिलिग्रॅम लोह जाते, रक्तस्राव जास्त असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. एका गरोदरपणाला सुमारे एक ग्रॅम लोह लागते. आधी यकृतातला व अस्थिमज्जेतला साठा संपतो, म्हणजे फेरिटिन (लोह साठवणाऱ्या प्रथिनाचे रक्तातले प्रमाण) खाली येते. हिमोग्लोबिन त्यानंतर बऱ्याच काळाने घसरते. त्यामुळे हिमोग्लोबिन कमी दिसते तेव्हा तिजोरी रिकामी होऊन काही महिने झालेले असतात. हेच पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत दिसले, तर रक्त जाते कुठून, हा प्रश्न गोळ्यांच्याही आधी विचारला पाहिजे. मूळव्याध, जठरातला व्रण, आतड्यातले जंत किंवा आतड्याचा कर्करोग यांपैकी काहीही त्यामागे असू शकते.

थॅलेसेमिया मायनरमध्ये आई आणि वडिलांकडून एकेक आलेल्या बीटा साखळीच्या दोन जनुकांपैकी एक सदोष असते. दुसरे जनुक चांगले असल्याने काम चालते. व्यक्ती आजारी नसते, फक्त वाहक असते आणि पूर्ण आयुष्य जगते. बीटा साखळ्या कमी पडल्याने प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिन जरा कमी भरते, एवढेच. मलेरियाच्या प्रदेशांत अशा वाहकांना काहीसे संरक्षण मिळाल्यामुळे हे सदोष जनुक पिढ्यान् पिढ्या टिकून राहिले. भारतात वाहकांचे प्रमाण सरासरी तीन ते चार टक्के मानले जाते. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली अशा समाजांत ते जास्त आहे. फाळणीनंतर वसलेले उल्हासनगर ठाणे जिल्ह्यातच आहे, त्यामुळे आपल्याकडे ‘हा सिंधी लोकांचा आजार’ असा समज पक्का बसलेला दिसतो. तो चुकीचा आहे. मराठी घरांतही वाहक सापडतात, आणि या समजामुळेच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते; ऐरोलीच्या आपल्या गरोदर स्त्रीचे माहेर सातारचे आहे असे मी मुद्दाम धरतो.

दोन्ही स्थितींत पेशी लहान आणि फिकट का होतात? अपक्व पेशीत हिमोग्लोबिन पुरेसे भरेपर्यंत तिचे विभाजन चालू राहते, आणि भरायला वेळ लागला की एखादे विभाजन जास्त होते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. लोह कमी असो की साखळ्या, उशीर होणारच. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही रक्ते म्हणूनच जुळ्या भावंडांसारखी दिसतात.

पण आता खालच्या ओळी वाचू. शिक्षिकेच्या रिपोर्टमध्ये आरबीसी काउंट म्हणजे तांबड्या पेशींची संख्या ४३ लाख आहे, एमसीव्ही म्हणजे पेशीचे सरासरी आकारमान ७८, आणि आरडीडब्ल्यू १८. गरोदर स्त्रीचा आरबीसी काउंट ५४ लाख, एमसीव्ही ६३ आणि आरडीडब्ल्यू १४.३ आहे. हिमोग्लोबिन सारखे असूनही दुसरीच्या पेशी कितीतरी जास्त आणि कितीतरी लहान आहेत. हा योगायोग नाही. लोह नसेल तर अस्थिमज्जेला पेशींची संख्याही वाढवता येत नाही. कच्चा मालच नाही. थॅलेसेमिया मायनरमध्ये लोह असते, मूत्रपिंडाकडून ‘आणखी पेशी हव्यात’ असा संदेशही येत असतो, म्हणून अस्थिमज्जा कमी भरलेल्या पेशी मोठ्या संख्येने बाहेर सोडते आणि भरपाई करू पाहते.

आरडीडब्ल्यूचा फरक मला विशेष बोलका वाटतो. हा आकडा पेशी एकमेकींपेक्षा आकाराने किती वेगवेगळ्या आहेत ते सांगतो. लोहाची कमतरता हळूहळू वाढत जाते आणि पेशी १२० दिवस जगते; म्हणजे आज रक्तात फिरणाऱ्या काही पेशी बऱ्या दिवसांत तयार झालेल्या, काही टंचाईतल्या आणि काही अगदी दुष्काळातल्या असतात. त्या एकत्र मोजल्या की विविधता जास्त दिसते. वाहकाच्या शरीरात मात्र टंचाई जन्मापासून तेवढीच असते, त्यामुळे सगळ्या पेशी सारख्याच लहान निघतात. अर्थात वाहकांतही आरडीडब्ल्यू थोडा वाढलेला आढळतो, म्हणून केवळ त्यावर निर्णय देऊ नये.

विल्यम मेंट्झर यांनी १९७३ मध्ये यासाठी एक सोपा भागाकार सुचवला: एमसीव्हीला दशलक्षांत मोजलेल्या आरबीसी काउंटने भागावे. उत्तर १३ पेक्षा जास्त आले तर लोहाच्या कमतरतेची शक्यता अधिक, कमी आले तर थॅलेसेमिया मायनरची. शिक्षिकेचे ७८ भागिले ४.३ म्हणजे सुमारे १८. गरोदर स्त्रीचे ६३ भागिले ५.४ म्हणजे ११.७. हा भागाकार संशय कोणत्या दिशेने घ्यायचा ते सांगतो, निदान करत नाही. निदानासाठी एका बाजूला फेरिटिन लागते आणि दुसऱ्या बाजूला एचपीएलसी, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी. बीटा कमी पडल्यामुळे वाहकाच्या रक्तात अल्फा आणि डेल्टा साखळ्यांपासून बनणारे हिमोग्लोबिन ए-टू वाढते, ते ३.५ टक्क्यांच्या वर असणे ही बीटा वाहकाची खूण आहे.

फेरिटिन वाचतानाही सावधगिरी हवी. ते खूप कमी असेल तर लोह कमी आहे हे निश्चित. पण ताप, संसर्ग किंवा शरीरात कुठे दाह असेल तर ते वाढते आणि रिकामी तिजोरी भरलेली भासते. उलट, लोहाची कमतरता तीव्र असेल तर वाहकाचे ए-टू काहीसे खाली येऊ शकते आणि काठावरचा रिपोर्ट चुकीने ‘नॉर्मल’ ठरू शकतो. आणि लोहाची कमतरता व थॅलेसेमिया मायनर या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, हे शेजारी-शेजारी तुलना करताना सर्वांत आधी विसरले जाते.

एक प्रचलित पद्धत अशी आहे की लहान, फिकट पेशी दिसल्या की आयर्न द्यावे आणि फरक पडतो का ते पाहावे. शिक्षिकेसाठी ही पद्धत वाईट नाही: महिन्याभरात हिमोग्लोबिन एखाद्या ग्रॅमने वाढले तर निदानाला पुष्टी मिळते, आणि पुढे साठा भरण्यासाठी आणखी तीनेक महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. (जेवणाबरोबर लगेच चहा घेतला तर शोषण घटते आणि लिंबाने वाढते, एवढे पाळले तरी पुष्कळ, गुळाची ख्याती त्यातल्या लोहापेक्षा बरीच मोठी आहे.) ऐरोलीच्या स्त्रीसाठी मात्र ‘तीन महिने गोळ्या घेऊन बघू’ हे वाक्य महाग पडू शकते, कारण तिच्या बाबतीत खरा प्रश्न तिच्या हिमोग्लोबिनचा नसून तिच्या नवऱ्याच्या रक्ताचा आहे.

नवराही वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्हीकडून सदोष जनुक मिळून थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘चारांतले एक’ याचा अर्थ पहिल्या बाळाला झाला म्हणून पुढची तीन सुटली असा नाही. डाव दर खेपेला नव्याने मांडला जातो. असे बाळ जन्मतः ठणठणीत दिसते, कारण गर्भात आणि नंतरचे काही महिने बीटाऐवजी गॅमा साखळ्या वापरल्या जातात. त्या ओसरल्या की सहा महिने ते दोन वर्षे या वयात बाळ पांढरे पडू लागते, आणि पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. इथे लोहाची गोष्ट अगदी उलटी होते: रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते, आणि बाहेर टाकण्याची व्यवस्था नसल्याने ते हृदयात व यकृतात साचते, ते काढण्यासाठी कायम औषध घ्यावे लागते. ‘थॅलेसेमियात लोह घ्यायचे नसते’ हे ऐकीव वाक्य या मेजरच्या रुग्णांविषयी आहे. मायनरला ते जसेच्या तसे लावणे चूक आहे.

दोघेही वाहक असल्यास गर्भाची तपासणी १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन करता येते. नवरा सिकल सेलचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या एका आनुवंशिक दोषाचा, वाहक असला तरी संयोग गंभीर ठरू शकतो, आणि शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी कुटुंबांत हा प्रश्न कोरडा पुस्तकी नाही. एचपीएलसीत दोन्ही गोष्टी दिसतात, म्हणून नवऱ्याचीही तीच चाचणी करावी. केवळ हिमोग्लोबिन पाहून ‘यांचे १३.५ आहे, म्हणजे ठीक’ असे म्हणता येत नाही, कारण वाहक पुरुषाचे हिमोग्लोबिनही पुष्कळदा एवढे असते.

आपल्या दोन रिपोर्टांचे पुढे काय होईल? शिक्षिकेचे फेरिटिन ७ येते, पाळीतल्या जास्त रक्तस्रावाचा इलाज सुरू होतो आणि गोळ्यांनी ती सुधारते. गरोदर स्त्रीचे ए-टू ४.८ टक्के येते, म्हणजे ती वाहक आहे. पण तिचे फेरिटिनही १० च निघते. तेव्हा तिलाही लोह द्यायचे आहे, आणि त्याने तिचे हिमोग्लोबिन थोडे वर येईल, पण एमसीव्ही लहानच राहील. तो वाढत नाही म्हणून कोणी डोस वाढवत बसू नये. नवऱ्याची एचपीएलसी नॉर्मल, एमसीव्ही ८८. बाळ वाहक होण्याची शक्यता निम्मी, मेजर होण्याची भीती नाही. तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर ‘थॅलेसेमिया मायनर’ असे ठळक लिहून ठेवावे लागेल, आणि तिच्या धाकट्या बहिणीलाही रक्त तपासायला सांगावे लागेल. तिचे लग्न ठरायचे आहे.